एकाच बाजूला फिरणारी कडी

रविवार, ६ नोव्हेंबर १९९४. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आहे. समोर टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाचे जाडजूड सूचीपत्र उघडे आहे, घड्याळांच्या पानावर. सात घड्याळांभोवती पेन्सिलीने गोल केले, त्यांतली चार खोडली. आई म्हणते, एवढा वेळ तर तुझ्या बापाने बायको निवडतानाही घेतला नव्हता.

झाले ते असे. दुपारी मेरिल मामा धक्क्यावर भेटले आणि म्हणाले, "ड्वाइट गेला." मला वाटले, वारला. मग कळले की तो दुसऱ्या होडीवर गेला आहे, तिकडे वाटा जास्त मिळतो. म्हणजे आमच्या होडीवरून पाण्याखाली उतरणारे आता एकटे मामाच. मामेबहीण रोंडा आणि मी डेकवर असतो. बुडबुड्यांवर नजर ठेवायची, आणि खालून दोरीला तीन हिसके बसले की अर्चिनांनी, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या समुद्रजीवांनी, भरलेली पिशवी वर ओढून घ्यायची. दोन हिवाळे मी हेच केले. उन्हाळ्यात एल्सवर्थच्या तलावात हवेची टाकी लावून बुडी मारायला शिकलो, परीक्षेत एकही उत्तर चुकले नाही. तेव्हा धीर करून म्हटले, "मी उतरतो."

मामा म्हणाले, "घड्याळ आहे?"

"तुमचं एखादं जुनं असेल तर..."

"चाकू आणि घड्याळ उसनं घ्यायचं नसतं. हवा संपत आली की छातीला कळतं. थंडी बोटांना कळते. वेळ संपली हे अंगात कशालाच कळत नाही. स्वतःचं आण, मला दाखव, मग बघू." चार पावले जाऊन वळले. "ख्रिसमसपर्यंत थांबतो. नाही जमलं तर ड्वाइटच्या भावाला घेईन."

वेळ अंगाला कळत नाही म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑरिन रोज दुकानापाशी दिसतो. गेल्या वर्षी तो साठ फुटांवर अंदाजाने काम करत राहिला, हसत वर आला, कॉफी प्यायला, आणि संध्याकाळी त्याला घराच्या पायऱ्या चढता येईनात. आता दोन काठ्या घेऊन चालतो; खाली जास्त वेळ राहिले की रक्तात वायू साठतो आणि वर आल्यावर त्याचे बुडबुडे पाय लुळे करतात. घड्याळ त्याच्याकडे होते. खराब होऊ नये म्हणून जेवणाच्या डब्यात ठेवलेले.

माझ्याजवळ शंभर डॉलर आहेत. पाणबुड्यांसाठी खोली आणि वेळ दोन्ही सांगणारे छोटे यंत्र मिळते, पण ते पाचशेच्या पुढे. तेव्हा घड्याळच. मला भीती पाण्याची वाटत नाही. चुकीचे घड्याळ निवडण्याची वाटते.

बुधवार, ९ नोव्हेंबर

काल गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून चोवीस डॉलरचे सोनेरी घड्याळ आणले. खोक्यावर स्पष्ट लिहिले आहे: शंभर फूट पाण्यात सुरक्षित. आम्ही साठ-पासष्टच्या खाली जात नाही, म्हणजे पस्तीस फूट तरी शिल्लकच. हिशेब बरोबर आहे. तरी घरी आल्यापासून चैन नाही. शंभर फुटांवर त्याला कुणी नेऊन पाहिले असेल का? खोका छापणारा नक्कीच गेला नसेल.

एक युक्ती सुचली. मामांचे शेवंडाचे, म्हणजे लॉबस्टरचे, काही पिंजरे अजून पाण्यात आहेत, खडकाच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर दहा वावांवर, म्हणजे साठ फुटांवर. आज मामा पिंजऱ्यात नवा चारा भरत होते तेव्हा मी घड्याळ आत तारेने बांधले. त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते.

गुरुवार, १० नोव्हेंबर

पिंजरा वर आला तेव्हा मी होडीच्या मागच्या टोकाला होतो.

"वेंडेल."

"हं."

"हे काय आहे?"

"घड्याळ."

"ते मलाही दिसतंय. माझ्या पिंजऱ्यात काय करतंय?"

"शेवंडांना रोज उशीर होतो ना, बाबा," रोंडा म्हणाली.

मामांनी घड्याळ तारेवरून सोडवले. काचेआड धुके भरले होते आणि धुक्याखाली पाण्याचा थेंब इकडून तिकडे पळत होता. काटे पावणेदोनवर थांबले होते. म्हणजे खाली गेल्यावर तासाभरातच आटोपले. ते माझ्या हातावर असते तर मला पावणेदोनच वाजलेले दिसत राहिले असते.

"शंभर फूट लिहिलं होतं," मी म्हणालो.

"शंभर फूट म्हणजे भांडी घासायला चालेल. दोनशे मीटर लिहिलेलं असेल तेच बघ. आणि पुन्हा बांधशील तेव्हा विचारून बांध. चाऱ्याच्या पिशवीपासून लांब. त्या हेरिंग मासळीचा वास जन्मात जात नाही."

चोवीस डॉलर पाण्यात गेले. मामा नंतर रोंडाला हळूच म्हणाले, "खोक्यावर विश्वास तरी ठेवला नाही त्यानं." हा टोमणा होता की काय, कळले नाही. रोंडा हसत होती.

शनिवार, १९ नोव्हेंबर

रोंडाने सगळ्या बंदराला सांगितले आहे. आज धक्क्यावर ड्वाइट त्याच्या नव्या होडीवरून ओरडला, "काय वेंडेल, किती वाजले सापडले आज?"

मी टब धुवत राहिलो.

"माप लावून बघत जा रे. मिनिटकाटा लहान निघाला तर परत पाण्यात सोडावा लागतो, नाहीतर वॉर्डन दंड करेल."

मापापेक्षा लहान शेवंड ठेवला तर आमच्याकडे खरेच दंड होतो, म्हणून सगळे हसले. मलाही हसू आले, कारण विनोद चांगला होता. पण हसलो नाही.

या आठवड्यात काळे प्लास्टिकचे, आकडे दाखवणारे घड्याळ आणले. एकोणतीस डॉलर, दोनशे मीटर. या वेळी मामांना विचारून दोन दिवस पिंजऱ्यात ठेवले. वर आले तेव्हा एक सेकंदही चुकले नव्हते. मला वाटले, सुटलो. मग घरी टबात पाणी भरले, बर्फ टाकला, तीन बोटांचे जाड रबरी हातमोजे घातले आणि बुडी सुरू झाली असे धरून बटण दाबायला गेलो. वेळ मोजायला सुरुवात व्हायच्या ऐवजी मार्च महिना लागला. दुसऱ्यांदा दाबले तर गजर वाजायला लागला आणि तो मोज्यांनी बंद होईना. आई दारात उभी राहून बघत होती. पुस्तिका वाचली तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सूचना होती की पाण्याखाली बटणे दाबू नयेत. ज्या घड्याळाला पाण्यात हात लावायचा नाही, ते पाण्यात न्यायचे कशाला?

ते आईला दिले. तिने ते ओव्हनजवळ टांगले. पाव करपत नाहीत आता, एवढा फायदा झाला.

शनिवार, २६ नोव्हेंबर

बँगोरला जाऊन आलो. आईकडून पैसे उसने घेतले. तिथे गहाणवटीच्या दुकानात मला हवे होते ते मिळाले.

दुकानदाराने आधी एक स्विस घड्याळ पुढे केले, तीनशे चाळीसचे. "हे घातलंस तर लोक वळून बघतील," म्हणाला. साठ फुटांवर वळून बघणार कोण, हे उत्तर मला परत येताना गाडीत सुचले. तिथे फक्त "नको" म्हणालो. ते घातले असते तर माझे लक्ष अर्चिनांवर राहिलेच नसते. प्रत्येक खडकाला हात लागताना काळीज धडधडले असते. कामाची वस्तू ओरखडा पडला तरी जीव तुटणार नाही अशी हवी.

त्याच्या शेजारी जपानी पोलादी घड्याळ होते. वापरलेले, काचेवर एक चरा, पण काटे रुंद आणि अंधारात उजळणारे. दुकानदाराला विचारून त्याच्या कपाटात डोके घालून पाहिले. चावी नुसती दाबायची नसून फिरवून आवळायची, म्हणजे तिथून पाणी शिरत नाही. काचेभोवती आकड्यांची फिरती कडी. उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग काटा आणि खूण यांच्यातले अंतर म्हणजे खाली गेलेली मिनिटे. बटण नाही, पुस्तिका नाही, मोज्यातूनही फिरते.

दुकानदार म्हणाला, "त्याची कडी अडकते बघ. डावीकडेच फिरते, उजवीकडे जातच नाही. म्हणून अडुसष्टचे साठ घेईन."

मला माहीत होते की ती अडकलेली नाही. ती तशीच बनवतात. खडकाला घासून कडी सरकली तर एकाच दिशेला सरकावी, आणि झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दिसावा, कमी कधीच दिसू नये. म्हणजे घड्याळ चुकलेच तर तुम्हाला लवकर वर पाठवेल. हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने लक्ष देऊन ऐकले, कडी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाला, "अस्सं. मग अडुसष्ट."

आठ डॉलर गेले. परतताना तासभर स्वतःला बोल लावले. पण खोटे बोलून घेतलेले घड्याळ हातावर बांधून खाली जाववले नसते.

येताना एल्सवर्थला थांबून नवी बॅटरी आणि मागच्या झाकणाखालचे नवे रबर बसवून घेतले. घड्याळजीने नव्या रबराला बोटाने ग्रीस लावले, तेव्हा त्याला आणखी थोडे लावायला सांगितले. तो माझ्याकडे बघत राहिला. पण लावले.

बुधवार, ३० नोव्हेंबर

तीन दिवस दहा वावांवर. आज पिंजरा काढला. आत दोन खेकडे, एक शेवंड आणि घड्याळ. काच स्वच्छ. रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिले, बरोबर होते.

मामांनी ते हातात घेतले, चावी आवळलेली आहे का पाहिले, कडी फिरवून पाहिली, कोटाच्या आत धरून काटे उजळतात का पाहिले.

"हं," म्हणाले आणि परत दिले.

रोंडा म्हणते, माझ्या लग्नात नवरा बघूनही बाबा एवढंच म्हणाले होते.

शनिवारी मी उतरणार.

शनिवार, ३ डिसेंबर

उतरलो. चाळीस फूट.

होडीवर पट्टा पाणी आत न येऊ देणाऱ्या रबरी पोशाखाच्या बाहीवर घट्ट बांधला होता, शेवटच्या भोकापर्यंत. खाली पोचलो, चार-पाच अर्चिन पिशवीत टाकले, वेळ पाहायला हात वर केला तर मनगटावर घड्याळ नाही. ते फिरून खाली गेले होते आणि सरकत सरकत बोटांपर्यंत आले होते. आणखी दोनदा हात हलवला असता तर गेले असते. मी ते मुठीत धरून उभा राहिलो आणि इतका धापा टाकू लागलो की निम्मी हवा तिथेच संपली. मामांनी मला दंडाला धरून वर आणले.

चूक मी घड्याळाची समजत होतो. चूक बाहीची होती. खाली पाण्याच्या दाबाने पोशाखाचे जाड रबर चेपून पातळ होते, आणि वर घट्ट असलेला पट्टा खाली सैल होतो. परीक्षेत हे विचारले नव्हते.

मामांनी काही न बोलता स्वतःचा हात पुढे केला. त्यांचे घड्याळ नौदलातले आहे, तीस वर्षांपूर्वीचे. पट्टा म्हणजे ट्रकच्या ट्यूबची कापलेली पट्टी. दोन वर्षे मी ती बघतो आहे आणि मनात म्हणतो आहे की मामा चिक्कू. ती ताणून बांधतात. बाही पातळ झाली की ती आपोआप आवळते.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं का?"

संध्याकाळी त्यांच्या शेडमध्ये माझ्या घड्याळाला ट्यूबची पट्टी बसवली. त्यांनी मला त्यांचे घड्याळ हातात धरू दिले. यापूर्वी कुणालाही दिलेले मी पाहिलेले नाही. जड आहे. कडी दोन्ही बाजूंना फिरते, अगदी हलकी, लोण्यातून सुरी जावी तशी. मी त्याबद्दल काही बोललो नाही. तीस वर्षे पाण्यात गेलेल्या घड्याळाला अडुसष्ट डॉलरवाल्याने काय शिकवायचे?

सोमवार, १२ डिसेंबर

आज सगळे सावकाश लिहितो, म्हणजे मलाच समजेल.

जवळचे खडक सगळ्यांनी खरवडून नेले आहेत, म्हणून मामा बाहेरच्या कड्यावर गेले. साठ फूट. निघण्याआधी ठरले: पन्नास मिनिटे झाली की वर. मामांचा नियम असा की खाली त्यांच्याच घड्याळाची वेळ खरी मानायची. दोघांनी होडीच्या काठावर बसून कड्या लावल्या. उडी मारताना मामांचा हात अर्चिनांच्या टबाच्या कडेवर आपटला. मी तो आपटलेला पाहिला. तेव्हा त्याचे काहीच वाटले नाही.

खाली अर्चिन इतके होते की पाय ठेवायला जागा नव्हती. माझी पहिली पिशवी गेली, दुसरी गेली. घड्याळ हलले नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हेही लिहून ठेवतो. माझ्या काट्याने पन्नास दाखवले तेव्हा मी मामांजवळ गेलो आणि वर चला या खुणेसाठी अंगठा वर केला.

त्यांनी नकाराची मान हलवली आणि स्वतःचे घड्याळ माझ्या पाणचष्म्यासमोर धरले. अठ्ठावीस.

मी माझे दाखवले. त्यांनी पुन्हा मान हलवली, माझ्या घड्याळावर बोट आपटले आणि पिशवी भरायला लागले.

मी तिथे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. एवढा घाबरलो नव्हतो कधी. त्यांचे तीस वर्षांचे, माझे सोळा दिवसांचे. माझी कडी सरकली असेलही. पण ती सरकली तर एकाच बाजूला सरकते. माझे चुकले असेल तर आम्ही उगाच लवकर वर जाऊ, पिशव्या कमी येतील आणि मी पुन्हा डेकवर जाईन. त्यांचे चुकले असेल तर ते आणखी बावीस मिनिटे खाली राहतील. आणि मामांना हवा कमी लागते. त्यांची टाकी त्यांना थांबवणार नव्हती.

मी त्यांचा दंड ओढला. त्यांनी हात झटकला.

मग मी केले ते आमच्याकडे कुणी करत नाही. दुसऱ्याचा पिंजरा उचलला तर शिक्षा म्हणून त्याच्याच पिंजऱ्यांच्या दोऱ्या कापतात, आणि दुसऱ्याची पिशवी वर पाठवणे तसेच. मी मामांची अर्धी भरलेली पिशवी त्यांच्या हातातून ओढली, दोरीला अडकवली आणि तीन हिसके दिले. रोंडाने वर खेचली. मामा रिकाम्या हातांनी वर जाणाऱ्या पिशवीकडे बघत राहिले. भरायला काही उरले नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. चष्म्याच्या काचेतून माणसाचे डोळे मोठे दिसतात.

वर आलो, अंगातला वायू निघून जावा म्हणून वाटेत थांबायचे तिथे थांबून. मामांनी होडीत चढताच तोंडातली नळी काढली.

"माझी पिशवी कुणी पाठवली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

रोंडा म्हणाली, "बाबा, चोपन्न मिनिटं झाली. मी खुणेसाठी पाण्यात दगड टाकायच्या बेतात होते. अर्धी पिशवी आली तेव्हा जीवात जीव आला."

"बत्तीस," मामा म्हणाले.

"केबिनमधलं बघा ना."

त्यांनी केबिनमधल्या घड्याळाकडे पाहिले. मग मनगटाकडे. मग अंगठ्याने कडी हळूच ढकलली. ती गरकन फिरली, बरणीच्या सैल झाकणासारखी. ते खाली बसले. पायांची बोटे हलवून पाहत होते, बुटांच्या आत, हे मला दिसले.

परतताना मी दोऱ्या गुंडाळत होतो. मला वाटले, ड्वाइटच्या भावाला आजच फोन जाणार.

धक्क्यावर व्यापाऱ्याने चार अर्चिन फोडून गाभोळीचा रंग पाहिला आणि चांगला भाव लावला. ड्वाइट तिथेच होता. "एवढ्या लवकर परत? वेंडेलचा गजर वाजला वाटतं," म्हणाला.

मामा टब उचलत होते. तो खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "यानं आज माझी पिशवी वर पाठवली."

व्यापाऱ्याचा सुरा थांबला. मी पायांकडे बघत होतो. संपले, असे वाटले.

"म्हणून मी आज जेवायला स्वतःच्या पायांनी घरी चाललोय," मामा म्हणाले. टब उचलला आणि उतरणीवरून वर निघाले. ड्वाइट बाजूला सरकला. मग त्याने माझा टब उचलायला हात लावला. न सांगता.

मंगळवार, १३ डिसेंबर

वारा फार, होडी काढली नाही.

सकाळी मामा घरी आले. बूट न काढता दारातच उभे राहिले. अर्ध्या पिशवीचे पैसे मी देईन, असे मी म्हटले. ते ऐकलेच नसल्यासारखे त्यांनी खिशातून चार नोटा काढल्या.

"बँगोरला कधी जाणार?"

"तुम्हाला हवं तेव्हा. कोणतं आणू?"

"मी तीस वर्षं एकच वापरलं. मला काय कळतंय?"

"चरा असला तर चालेल? किंमत..."

"वेंडेल," ते म्हणाले, "गुरुवारी वारा पडेल. बाहेरच्याच कड्यावर जाऊ. कड्या तू लावायच्या, दोघांच्या." आणि गेले.

आईने विचारले, काय म्हणाला माझा भाऊ? मी म्हटले, घड्याळ मागवलंय. ती माझ्याकडे बघून इतकी का हसली, ते तिलाच ठाऊक.

आजपर्यंतचा खर्च:
सोनेरी घड्याळ, २४ (बुडाले)
प्लास्टिकचे, २९ (आईच्या ओव्हनजवळ, चालू)
पोलादी, ६८
बॅटरी आणि रबर, ११
बँगोरचे पेट्रोल, ९
ट्यूबची पट्टी, काही नाही
एकूण १४१ डॉलर.

देणे: आईला ४१. मामांना अर्ध्या पिशवीचे अंदाजे ४०. रोंडा म्हणते पुन्हा विचारलेस तर पाण्यात ढकलीन, तरी लिहून ठेवतो.

माझ्याकडे ठेवायला दिलेले: मामांचे ८०. कोणते घ्यायचे ते मी ठरवायचे.